सिएनाचे पंचांग

तोस्कानाच्या टेकड्यांवर वसलेले सिएना हे नगर पाहण्यास येणारे बहुसंख्य प्रवासी सकाळी फ्लॉरेन्सहून बसने येतात, काम्पो या विटांच्या उतरत्या चौकात छायाचित्रे घेतात, प्रधानमंदिराच्या काळ्यापांढऱ्या संगमरवरी पट्ट्यांकडे मान वर करून पाहतात आणि दिवेलागणीच्या आत परततात. परंतु या नगराचा उपभोग तिथी पाहून घ्यावयाचा असतो, कारण येथील खाद्यपदार्थ, येथील उत्सव, किंबहुना येथील लोकांची मनोवृत्तीसुद्धा महिन्यामहिन्याला पालटते; आणि ते पालटणे ज्याने पाहिले नाही त्याच्या हाती केवळ इमारती लागतात.

अर्थात त्या इमारतीही सामान्य नव्हेत. १२८७ पासून १३५५ पर्यंत नगराचा कारभार नऊ जणांच्या मंडळाकडे होता, आणि काम्पोची फरसबंदी नऊ भागांत विभागलेली आहे ती त्यांचीच खूण. याच मंडळाच्या दिवाणखान्यात आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ च्या सुमारास सुराज्य आणि कुराज्य यांची परिणामांसह भित्तिचित्रे रंगविली. सुराज्याच्या चित्रात गवंडी पहाडावर चढून बांधकाम करीत आहेत, गुरुजी मुलांना शिकवीत आहेत, रस्त्यावर नृत्य चालले आहे, आणि वेशीबाहेरच्या वाटेवर एक शेतकरी पांढऱ्या पट्ट्याचे काळे डुक्कर हाकीत शहराकडे येत आहे. त्या जातीची डुकरे आजही या मुलखात पाळली जातात आणि त्यांचे खारवलेले मांस येथील खाटकांच्या दुकानांत टांगलेले दिसते. चित्र पूर्ण होऊन दहा वर्षे होतात न होतात तोच १३४८ ची महामारी आली. प्रधानमंदिराचा जो प्रचंड विस्तार योजला होता तो अर्धवट राहिला, आणि त्याची एकाकी भिंत आजही उभी आहे. पुढे १५५५ साली दीर्घ वेढ्यानंतर नगराचे स्वातंत्र्य गेले आणि फ्लॉरेन्सच्या मेडिची घराण्याचा अंमल सुरू झाला.

राज्य गेले, परंतु मोहल्ले राहिले. सिएनाचे सतरा कोंत्रादा, म्हणजे सतरा मोहल्ले, हे या नगराचे खरे प्राण होत. १७२९ साली मेडिची घराण्याची सून आणि सिएनाची राज्यपाल व्हायोलान्ते बेआत्रीचे हिने जाहीरनामा काढून त्यांच्या हद्दी ठरवून दिल्या, त्या अद्याप तशाच आहेत. हंस, लांडगी, गोगलगाय, कासव, लाट, बुरूज, साळिंदर अशी त्यांची नावे. प्रत्येकाचे स्वतंत्र निशाण, स्वतंत्र प्रार्थनामंदिर, स्वतंत्र संग्रहालय आणि स्वतंत्र कारंजे. मूल जन्मले की चर्चमधील बाप्तिस्म्याखेरीज मोहल्ल्याच्या कारंज्यावरही त्याचा संस्कार होतो आणि मोहल्ल्याच्या रंगांचा रेशमी रुमाल त्याच्या गळ्यात पडतो. तो रुमाल पुढे लग्नकार्यात आणि अंत्ययात्रेतही त्याच्या संगतीला असतो.

या निष्ठेचे दर्शन वर्षातून दोनदा, २ जुलै आणि १६ ऑगस्ट या दिवशी, पालिओ या अश्वशर्यतीत घडते. पहिली शर्यत प्रोव्हेन्झानोच्या मेरीमातेप्रीत्यर्थ, दुसरी मेरीच्या स्वर्गारोहणाच्या सणानिमित्त. चौकाच्या कडेने माती अंथरून मार्ग तयार करतात. तो अरुंद असल्यामुळे सतरांपैकी दहाच मोहल्ले धावतात: गतवर्षीच्या त्याच शर्यतीतून वगळले गेलेले सात, आणि चिठ्ठीने निवडलेले तीन. घोडाही चिठ्ठीनेच मिळतो, आणि एकदा मिळालेला घोडा बदलता येत नाही. म्हणून त्याचा मोतद्दार शर्यतीपर्यंत रात्रंदिवस त्याच्याजवळ असतो. स्वार मात्र बाहेरचा, पैसे देऊन आणलेला, त्यामुळे त्याच्यावर कोणाचा पूर्ण विश्वास नसतो. शर्यतीच्या दिवशी दुपारी घोड्याला प्रार्थनामंदिरात नेऊन पुरोहित आशीर्वाद देतो, आणि विजयी होऊन ये असे त्याला सांगतो.

शर्यतीपूर्वीचा क्षण मला प्रत्यक्ष शर्यतीहून अधिक विलक्षण वाटतो. नऊ घोडे दोन दोरांच्या मध्ये आपापल्या नेमून दिलेल्या जागी उभे राहण्याचा प्रयत्न करीत असतात. दहावा मागे, दोराबाहेर असतो, आणि तो धावत आत शिरेल तेव्हाच आरंभ होतो. आपला वैरी वाकड्या जागी अडकेपर्यंत हा दहावा स्वार वेळ काढतो, त्या अवधीत उरलेले स्वार हलक्या आवाजात परस्परांशी सौदे करतात, आणि हजारो माणसे श्वास रोखून तिष्ठत राहतात. कधी कधी ही प्रतीक्षा तासाच्या घरात जाते. मग खोगिराविना तीन फेऱ्या, जेमतेम दीड मिनिटात समाप्त. स्वार पडला तरी घोडा पहिला आला तर विजय मोहल्ल्याचाच. बक्षीस म्हणून रंगविलेले रेशमी वस्त्र मिळते. रोख रक्कम मिळत नाही, उलट विजयाचा खर्चच मोठा असतो. सान मार्तीनोच्या तीव्र वळणावर घोडे जायबंदी झाले आहेत, काही दगावलेही आहेत. आज तेथे गाद्या लावतात आणि पशुवैद्यांची तपासणी कडक असते, तरी प्राणिप्रेमींचा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही.

आता जेवणाकडे वळू. शर्यतीच्या आदल्या रात्री प्रत्येक मोहल्ला आपल्या गल्लीत लांबच लांब मेजे मांडून सहभोजन करतो, आणि वाढपी असतात ती मोहल्ल्यातली तरुण मुलेमुली. एरव्हीचे अन्न साधे आहे: मीठ न घातलेला पाव, केवळ पीठ आणि पाणी यांची कणीक मळून एकेक दोरी हाताने वळलेली पीची, तिच्यावर लसणाचा रस्सा किंवा तेलात परतलेला पावाचा चुरा, आणि थंडीत काळा कोबी, घेवडा व शिळा पाव यांचे पुन्हा शिजविलेले सूप. फेब्रुवारीत काम्पोमध्ये लाकडी टपरी उभी राहते आणि दुधात शिजविलेल्या भाताचे गोळे तळून साखरेत घोळवून मिळू लागतात. १९ मार्चच्या संत जोसेफच्या सणानंतर ती टपरी नाहीशी होते. सर्वसंतदिनाच्या सुमारास, म्हणजे नोव्हेंबरच्या आरंभी, अक्रोड, मनुका आणि काळी मिरी घातलेला गोडसर पाव येतो, आणि त्याच महिन्यात नव्या ऑलिव्ह तेलाची तिखट हिरवी धार भाजलेल्या पावावर पडते.

नाताळचे मानकरी दोन. रिच्चारेल्ली ही बदामाची पूड, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक यांची शंकरपाळ्याच्या आकाराची वडी. वरून पिठीसाखर, आणि भट्टीत फुगताना त्या शुभ्र पृष्ठभागावर पडलेल्या भेगा हीच ती चांगली झाल्याची साक्ष. दुसरा मानकरी पानफोर्ते: मध, बदाम, पाकवलेली फळे आणि मसाले यांची घट्ट चपटी चकती. मध्ययुगात ती औषधी विकणारे गांधीच करीत, कारण मिरी-लवंगांसारखा महाग माल त्यांच्याच दुकानी असे; आणि ती मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून निघालेली असे. १८७९ साली राणी मार्गेरिता येथे आली तेव्हा तिच्या सन्मानार्थ मिरीऐवजी पिठीसाखर लावलेला सौम्य प्रकार निघाला. माझे मत विचाराल तर जुना काळा, मिरीचा झणका असलेला प्रकारच मागावा.

संगीताच्या रसिकाने उन्हाळ्यात १९३२ साली स्थापन झालेल्या किज्याना अकादमीच्या मैफिली गाठाव्यात. प्रधानमंदिराच्या कोरीव संगमरवरी जमिनीची ५६ चित्रे एरव्ही बहुतांशी झाकलेली असतात. ती उन्हाळ्याच्या अखेरीस काही आठवडे उघडतात, तेव्हा तारखा आधी विचारून घ्याव्यात.

पालिओ पाहण्याची इच्छा असणाऱ्याने मात्र शर्यतीच्या दिवशी येऊन त्याच दिवशी परतू नये. घोड्यांच्या चिठ्ठ्या निघतात त्या दिवशी, म्हणजे २९ जून किंवा १३ ऑगस्टला, येऊन एखाद्या मोहल्ल्याच्या गल्लीत बिऱ्हाड करावे आणि सहाही सराव-फेऱ्या पाहाव्यात. सज्जे आणि लाकडी बाके यांचे दर भारी असतात. चौकाच्या मध्यभागी उभे राहण्यास काहीच पडत नाही, परंतु दुपारीच आत शिरावे लागते आणि शर्यत संपेपर्यंत बाहेर पडणे दुरापास्त असते. पाणी आणि टोपी बरोबर ठेवावी.