जर्सी तीच, खेळ वेगळा

क्लबचं नाव तेच, जर्सी तीच, तरी संघ ओळखू येत नाही, असं फुटबॉलमध्ये का होतं? वाशिममध्ये टीव्हीवर आयएसएल पाहणाऱ्यांनी मुंबई सिटीचा प्रवास जरूर आठवावा.

पोर्तोचे माजी बचावपटू जॉर्ज कोस्टा 2018 ते 2020 मुंबईचे प्रशिक्षक होते. त्यांचा संघ मागे घट्ट उभा राही आणि चेंडू मिळताच झेप घेई. 2020 मध्ये सर्जिओ लोबेरा आले आणि चित्र पालटलं. चेंडू आपल्याकडेच हवा! पण नुसती इच्छा पुरत नाही, त्याला भूमिती लागते. अहमद जाहू खाली उतरून दोन सेंटर-बॅकच्या जोडीला यायचा. समोरचे दोन आक्रमक अंगावर आले, तरी मुंबईचे तिघे. पास द्यायला एक जण मोकळा सापडेच. मूळचा विंगर मंदार राव देसाई लेफ्ट-बॅकला होता, म्हणून हल्ला बचावफळीतूनच सुरू होई. हे दोघेही एफसी गोवात लोबेरांकडेच खेळलेले. शैली अशी माणसांबरोबर प्रवास करते, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्या हंगामात लीग शील्ड आणि करंडक, दोन्ही मुंबईचे झाले.

2021 मध्ये डेस बकिंगहॅम आले. चेंडूवरची पकड त्यांनी राखली, वेग वाढवला. छांगटे आणि बिपिन सिंग हे विंगर दोन्ही कडांनी थेट घुसू लागले. एप्रिल 2022 मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 हरवून मुंबई एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरली.