नव्या माल्टची नोंद आणि रंगाचे एकक

अमेरिकेत घरगुती बिअरनिर्मितीस १९७८ च्या संघीय कायद्याने मोकळीक मिळाली. आज या छंदातील पाककृतींचे गणित बहुधा बिअरस्मिथसारख्या सॉफ्टवेअरवर केले जाते. त्याच्या यादीत नसलेला माल्ट वापरावयाचा झाल्यास त्याचे गुणधर्म आपणच नोंदवावे लागतात. हे काम वरकरणी कारकुनी वाटते. परंतु चूक होते ती बहुधा येथेच.

नोंदीत अर्काचे प्रमाण, आर्द्रता, रंग आणि पिष्टाची शर्करा करणारी एंझाइमशक्ती यांना विशेष महत्त्व असते. हे आकडे उत्पादकाच्या विश्लेषणपत्रावरून घ्यावेत.

यांपैकी रंग हा सर्वांत फसवा होय. जोसेफ लोव्हिबाँड या इंग्रज मद्योत्पादकाने एकोणिसाव्या शतकात रंगीत काचांच्या साहाय्याने बिअरचा रंग मोजण्याची पद्धती काढली. त्याचे नाव अमेरिकन माल्टच्या एककास लाभले. युरोपीय कारखाने मात्र ईबीसी एकक वापरतात. त्या आकड्यात १.२ मिळवून बेरजेस २.६५ ने भागले असता स्थूलमानाने लोव्हिबाँड आकडा येतो.

समजा, २० लिटर बिअरसाठी २ लोव्हिबाँडचा ४ किलो फिका माल्ट आहे व त्यात १५० ईबीसीचा अर्धा किलो क्रिस्टल माल्ट घालावयाचा आहे. त्याचा खरा आकडा ५७ लोव्हिबाँड होय. डॅनिएल मोरी यांच्या सूत्राने बिअरचा रंग सुमारे १० एसआरएम, म्हणजे तांबूस, येतो. १५० हाच आकडा लोव्हिबाँडच्या रकान्यात लिहिल्यास पडद्यावर १७ दिसतात. सॉफ्टवेअरने हरकत घ्यावी असेही नाही, कारण १५० लोव्हिबाँडचे माल्टही असतात! मग १० चा मेळ बसविण्यासाठी कर्ता नवा माल्ट २०० ग्रॅमवर आणतो. प्रत्यक्षात बिअर ६ एसआरएमची, फिकी उतरते, आणि ज्या गोडसर चवीसाठी हा माल्ट आणला तीही निम्म्याहून अधिक हरपते.

अर्काच्या बाबतीत एवढी धास्ती नको. शुष्क आधारावरील ८० टक्के अर्क ५ टक्के आर्द्रतेच्या माल्टमध्ये ७६ टक्के ठरतो. अर्ध्या किलोस हा फरक नगण्य, मुख्य माल्टला मात्र नव्हे.

जवळच्या माल्टची नोंद उतरवून ती बदलण्याची पद्धत सोयीची आहे. मात्र मूळ नोंद फिक्या माल्टची असेल, तर तिची एंझाइमशक्ती शून्य करावयास विसरू नये, कारण क्रिस्टल माल्टमधील एंझाइमे भाजण्यात नष्ट झालेली असतात. वरील पाककृतीत ४ किलो फिका माल्ट ही चूक सावरून घेईल. निम्मे धान्य भाजलेले वा अंकुरित न केलेले असेल, तेथे गणित जुळूनही पिष्ट तसेच राहण्याचा संभव आहे.