तुमची वाटी किती ग्रॅमची?

दिवाळीच्या सुमारास मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या, की घरधन्याची नजर काट्यावरून हलत नाही. अर्धा किलो इकडेतिकडे झाला तरी तो मापाऱ्याशी हुज्जत घालतो. पण त्याच पैशांतून आणलेले खारीक-खोबरे नि बेदाणे घरी आले, की चुलीपाशी मोजमाप चालते ते वाटीने. ती वाटी किती ग्रॅमची, हे किती घरांत ठाऊक असते?

एरवी याने फारसे बिघडत नाही. शिऱ्यात चार बेदाणे जास्त पडले म्हणून कोणी रागावत नाही. पण लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तिच्यासाठी डिंकाचे लाडू करायचे आहेत आणि सुकामेव्याचा भाव तर तुम्हाला माहीतच आहे. अशा वेळी घाणा बिघडला तर जीव हळहळतो.

घोटाळा कुठे होतो पाहा. साधारण दीडशे मिलिलिटरच्या वाटीत बेदाणे किंवा अख्खे बदाम नव्वद ग्रॅमच्या आसपास मावतात. काजू थोडे कमी, ऐंशीच्या वर. किसलेले सुके खोबरे मात्र जेमतेम पन्नास ग्रॅम! म्हणजे पाव किलो बेदाणे पावणेतीन वाट्या होतात, तर पाव किलो खोबऱ्याचा कीस पावणेपाच ते पाच वाट्या. बेदाण्यांइतकाच कीस मोजून घातला, तर खोबरे शंभरेक ग्रॅम कमी पडते. गूळ मात्र वजनाने घेतलेला असतो, तो तेवढाच राहतो. मग लाडू चिकट आणि गोडमिट्ट झाले नाहीत तरच नवल. बदामाची पूड केली की तीही फुगते; अख्ख्या बदामांची वाटी आणि पुडीची वाटी एक समजू नका.

त्यात आपल्या भाषेचीही गंमत आहे. ‘एक वाटी खोबरे’ म्हणजे वाटीभर कीस की खोबऱ्याची अख्खी वाटी? सांगणाऱ्या आजीला विचारूनच घ्यावे.

आजीच्या वहीत शेर, छटाक असतील तर तेही उलगडू. भारतात मेट्रिक वजने 1 ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीचा शेर गावोगाव वेगळा असे. पण 80 तोळ्यांचा वजनी शेर धरला तर तो सुमारे 933 ग्रॅमचा. म्हणून पावशेर म्हणजे 233 ग्रॅम, अच्छेर 466 आणि छटाक 58. धान्य मोजायचा मापी शेर निराळा, त्याची गल्लत इथे नको.

आता तुमची वाटी तपासा. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी त्या वाटीने मोजा. साधारण सव्वातीन वाट्या भरल्या तर ती दीडशे मिलिलिटरच्या जवळपास आहे. अडीचच भरल्या तर दोनशेची. पण त्याहून पक्की रीत म्हणजे दुकानातून पाव किलोचे बंद पाकीट आणावे, त्यातला जिन्नस आपल्याच वाटीने मोजावा आणि आकडा डब्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवावा. वाटी सपाट भरायची. शीग लावायची नाही, दाबायचेही नाही. बेदाणे जुने, चिकट असतील तर आधी सुटे करून घ्या.

माप कधी घ्यायचे, हेही महत्त्वाचे. डिंक तळल्यावर कितीतरी फुलतो, म्हणून तो कच्चाच मोजावा. बेदाणे भिजवण्याआधी. खारकेचे वजन मात्र बी काढल्यावर करा, कारण दुकानदार बीसकट तोलून देतो. किलोभर खारीक लागणार असेल तर थोडी जास्तच आणावी. पूड जाडी की बारीक यानेही वाटीत फरक पडतो, तेव्हा खारकेचा आकडा तुमच्या गिरणीतून दळून आल्यावरच झाकणावर लिहा.