स्टार वाढले म्हणून धंदा वाढला का?

सलून, खानावळ, एसी दुरुस्ती असा छोटा सेवा-व्यवसाय चालवणाऱ्याला मार्केटिंगचा एक सल्ला हमखास मिळतो: "ऑनलाइन रिव्ह्यू घ्या, स्टार वाढले की गिऱ्हाईक वाढतं." पटण्यासारखं आहे. पण संशोधनाची तयारी करणाऱ्याने लगेच विचारायला हवं, हे कशावरून?

सरळ मार्ग म्हणजे शंभरेक हॉटेलांचे स्टार आणि विक्री यांचा आलेख काढायचा. जास्त स्टारवाल्यांची विक्री जास्त दिसेलही. पण त्यातून कारण कळत नाही. जेवण चांगलं असेल तर स्टारही वाढतात आणि गर्दीही. दोन्हींच्या मागे तिसरीच गोष्ट असू शकते. तिला कन्फाउंडर म्हणतात. मग प्रयोग करायचा का? म्हणजे निम्म्या हॉटेलांचे स्टार मुद्दाम कमी करायचे? कुणाच्या पोटावर पाय देऊन प्रयोग करता येत नाही.

तेव्हा हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये असलेल्या मायकल लुका यांनी २०११ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधात यातून छान वाट काढली. येल्प ही अमेरिकेतली रिव्ह्यूची वेबसाइट. ती सरासरी रेटिंग जवळच्या अर्ध्या स्टारला राउंड करून दाखवायची. सरासरी ३.२४ असेल तर ३ स्टार, ३.२५ असेल तर साडेतीन. आता गंमत बघा. या दोन हॉटेलांच्या जेवणात असा काय फरक असणार? जवळपास नाहीच. पण ग्राहकाला मात्र अर्ध्या स्टारचा फरक दिसतो. म्हणजे प्रयोग आयताच घडून गेला! रेषेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या हॉटेलांची तुलना करायची आणि विक्रीत तिथेच उडी दिसते का ते बघायचं. या पद्धतीला रिग्रेशन डिस्कंटिन्युइटी म्हणतात.

विक्रीचे आकडे त्यांनी मालकांना विचारले नाहीत. सिॲटल शहरातल्या हॉटेलांची माहिती वॉशिंग्टन राज्याच्या महसूल विभागाकडून घेतली. निष्कर्ष असा: एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं. महिन्याला २ लाखांची विक्री असेल तर हे १० ते १८ हजार रुपये होतात. छोट्या मालकासाठी ही रक्कम लहान नाही. पण हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांपुरताच दिसला, साखळी हॉटेलांवर नाही. साहजिक आहे. साखळी हॉटेलात काय मिळणार ते आधीच माहीत असतं. अनोळखी खानावळीबद्दल मात्र रिव्ह्यू खरोखर नवी माहिती देतो.

ही पद्धत वापरताना एक धोका कायम लक्षात ठेवा. मालकाने दोन खोटे रिव्ह्यू टाकून ३.२४ चं ३.२५ करून घेतलं तर? मग रेषेच्या दोन बाजू सारख्या राहत नाहीत आणि तुलनाच कोसळते. म्हणून रेषेच्या जरा पलीकडे संशयास्पद गर्दी आहे का, हे आधी तपासतात. त्यासाठीची चाचणी जस्टिन मॅक्रेरी यांनी २००८ मध्ये मांडली.

आता हाच निष्कर्ष आपल्याकडच्या सलूनला लावता येईल का? थेट नाही. अभ्यास एका शहराचा, हॉटेलांचा. शिवाय आपल्याकडे लोक बघतात ते गूगल मॅप्स, आणि तिथे रेटिंग एका दशांशापर्यंत दिसतं, ४.२ किंवा ४.३. म्हणजे रेषेवरची उडी अर्ध्या स्टारची नसून दशांशाची. एवढा लहान फरक पकडायचा तर कितीतरी जास्त डेटा लागेल.

तेव्हा ओळखीच्या दुकानदाराने विचारलं तर एवढं सांगता येईल: तुमचं नाव लोकांना माहीत नसेल, तर खऱ्या ग्राहकांकडून रिव्ह्यू मागण्यात अर्थ आहे. "अमुक टक्के धंदा वाढेल" असं मात्र सांगू नका.

आणि तुमच्या विषयात अशी रेषा कुठे आहे, ते शोधा. प्रवेशाचा कटऑफ, योजनेची उत्पन्नमर्यादा, वयाची अट... जिथे नियम एका आकड्यावर माणसांचे दोन गट पाडतो, तिथे प्रयोग बहुतेक आधीच होऊन गेलेला असतो.