खुब्यातली चीर आणि दुखण्याचा माग

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात किंवा रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांत राबणाऱ्यांचा खुबा दुखू लागला, की ते दुखणे बहुधा कंबरेच्या नावावर जाते. खुब्याच्या सांध्यातील खोबणीच्या काठाला कूर्चेचे कडे असते, त्याला लॅब्रम म्हणतात. ते फाटले की दुखते मुख्यतः जांघेत. उकिडवे बसताना, गाडीतून उतरताना कळ येते, कधी सांधा अडकतो. 2003 मध्ये बर्नच्या राइनहोल्ट गांझ यांनी मांडले, की खुब्याच्या हाडांचा आकार थोडा वेगळा असला तर ती एकमेकांवर आदळतात, आणि त्यातून कूर्चा झिजते. तेव्हापासून एमआरआयमध्ये चीर शोधण्याकडे कल वाढला.

पण चीर दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे होत नाही. 2012 च्या एका अभ्यासात, खुबा अजिबात न दुखणाऱ्या 45 जणांपैकी 69 टक्क्यांच्या लॅब्रममध्ये चीर आढळली. म्हणूनच 2016 च्या वॉरविक सहमतीने हाडांच्या अशा आदळण्याचे निदान करताना लक्षणे, हाताने केलेली तपासणी आणि प्रतिमा या तिन्हींचा मेळ आवश्यक मानला.

उपचार म्हणून व्यायाम सुचवला, की त्याने चीर सांधली जात नाही असा आक्षेप येतो, आणि तो खराच आहे. 2018 मध्ये ब्रिटनमधील 348 रुग्णांच्या चाचणीत वर्षअखेर दुर्बिणीची शस्त्रक्रिया सरस ठरली, पण शंभरपैकी सरासरी 6.8 गुणांनीच, आणि फिजिओथेरपी घेतलेलेही सुधारले होते. नितंब आणि पोटाचे स्नायू बळकट झाले, खोल वाकणे काही काळ कमी केले, तर सांध्यावरचा ताण घटतो. त्यामुळे आधी व्यायाम, आणि गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार, हा क्रम मला योग्य वाटतो. मात्र लंगडणे वाढत असेल, रात्री ठणकत असेल, ताप असेल किंवा स्टेरॉइड घेतलेले असेल, तर आधी अस्थितज्ज्ञ गाठावा. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो.

पण व्यायामासाठी शेतकऱ्याला रोज पुण्याला जाणे कसे परवडेल? ब्रिटनमधील त्या चाचणीत फिजिओथेरपिस्टच्या भेटी होत्या सहा ते दहा, त्याही किमान बारा आठवड्यांत विभागलेल्या. बाकी व्यायाम घरीच. खुरपणीला बसकं वापरणे, काही आठवडे उकिडवे बसणे टाळणे, हेही उपचारच. एवढी सोय तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांतून नियमित मिळाली पाहिजे. अंग हेच ज्यांचे भांडवल, त्यांना वेळेवर निदान मिळणे हा त्यांचा हक्क आहे.