दूध कुणाचं आणि कुणासाठी?



गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले की दुधाचा विषय निघतोच. गायीचं चांगलं की म्हशीचं? बाळाला शेळीचं चालतं का? सोयाबीनचं दूध कसं? आज आम्ही त्याबद्दलच सांगणार आहोत.

आधी तान्ह्या बाळाचं बघू. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. त्यानंतर मऊ जेवण सुरू करायचं आणि अंगावरचं दूध २ वर्षांपर्यंत चालू ठेवायचं. माण, खटाव, जत, आटपाडीकडं दारात शेळी असते. शेळीचं दूध हलकं म्हणून काही घरांत तेच बाळाला पाजतात. पण त्यात फोलेट फार कमी असतं. नुसत्या त्याच दुधावर ठेवलेल्या बाळाच्या अंगात रक्त कमी होतं. गायी-म्हशीच्या दुधातही लोह कमीच. म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी यातलं कुठलंच दूध देऊ नका. आईला दूध कमी येत असेल तर आशाताईंना लगेच सांगा.

आता मोठ्यांचं. डेअरीत गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅटला आणि म्हशीच्या दुधाचा ६ फॅटला धरतात, हे आपल्याला पाठच आहे. म्हणजे म्हशीच्या दुधात चरबी जास्त, पण कॅल्शियम आणि प्रथिनंही जास्त. वाढत्या पोरांना, कष्टाच्या बाईला ते उत्तम. वजन किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी साय काढून प्यावं. दुधानं पोट फुगत असेल तर दही, ताक घ्या, ते सोसतं.

सोयाबीन कृष्णाकाठी भरपूर पिकतं. रात्रभर भिजवून, सालं काढून, वाटून, गाळून दूध करता येतं. मात्र ते १५-२० मिनिटं उकळायलाच हवं. कच्चं पचत नाही. प्रथिनं त्यात गायीच्या दुधाइतकीच मिळतात, कॅल्शियम मात्र फारच कमी. ते भरून काढायला नाचणी आणि तीळ खा. बाळाला हे दूध नको.

आता सर्वांत महत्त्वाचं. धारोष्ण दूध ताकदीचं, असं म्हातारी माणसं सांगतात. पण कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस होऊ शकतो. ब्रुसेलोसिसमध्ये ताप येतो-जातो, घाम फुटतो, सांधे धरतात. गाय, म्हैस किंवा शेळी गाभडली तर पडलेल्या वारेला उघड्या हातानं शिवू नका, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. वासरी ४ ते ८ महिन्यांची असताना या रोगाची लस टोचून घ्या. जनावराला दगडी झाली आणि औषध टोचलं, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध घरातही नको आणि डेअरीलाही नको. दूध कुठलंही असो, चांगली उकळी आणूनच प्या.

शेवटी एक विचारू? पहाटे उठून धार आपण काढतो, वैरण आपण घालतो. मग आपल्या वाट्याला चहापुरतंच दूध का? डेअरीला घालायच्या आधी घरातल्या पोरांसाठी आणि स्वतःसाठी एकेक कप बाजूला काढा. थोडे पैसे कमी येतील, पण आपली हाडं आयुष्यभर आपल्यालाच वापरायची आहेत.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीला आम्ही विचारणार आहोत: ताई, आज दूध प्यालात का?