सिद्दी टिकला कसा?

गुहागर तालुक्यातल्या हेदवीला पर्यटक येतात ते दशभुज गणपतीला आणि भरतीच्या वेळी पाण्याचा उंच फवारा उडवणाऱ्या बामणघळीला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र हा किनारा दोन आरमारांच्या मधला होता. उत्तरेला वाशिष्ठीच्या मुखावर अंजनवेलचा किल्ला, तो जंजिऱ्याच्या सिद्दीकडे. दक्षिणेला शास्त्रीच्या मुखावर जयगड, तो मराठ्यांचे आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांकडे. मूळचे आफ्रिकेतून आलेले सिद्दी मुरूडजवळच्या राजपुरी खाडीतल्या एका बेटावर राज्य करत होते आणि त्यांचे ठाणे इतक्या खाली दक्षिणेत होते, हेच मुळात नवल आहे. त्याहून मोठे नवल असे की मराठ्यांसारखा शेजारी छातीवर बसलेला असताना हे राज्य 1948 पर्यंत टिकले.

जंजिरा अजिंक्य राहिला याचे श्रेय लोक तटबंदीला, कलालबांगडी तोफेला आणि खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावरच्या गोड्या पाण्याच्या तळ्यांना देतात. ते खरे आहे, पण अपुरे. अभेद्य म्हणवणारे किती किल्ले फितुरीने किंवा उपासमारीने पडले! जंजिराही 1670-71 च्या सुमारास पडलाच असता. शिवाजी महाराजांच्या दबावाखाली किल्लेदार फत्तेखान तो स्वाधीन करायला तयार झाला होता. त्याच्याच सरदारांनी त्याला कैद केले, विजापूरची चाकरी सोडली आणि मोगलांचा आश्रय घेतला. औरंगजेबाने त्यांना सुरतेच्या महसुलातून तनखा बांधून दिला. बदल्यात सिद्दीचे आरमार मोगलांच्या वतीने समुद्र राखू लागले आणि मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे सांभाळू लागले. 1671 च्या होळीच्या रात्री सिद्द्यांनी मराठ्यांकडे गेलेली किनाऱ्यावरची दंडाराजपुरी परत घेतली.

सिद्दीचे सगळे राजकारण या एका व्यवहारात आले. जवळचा शेजारी बळजोर असेल तर धनी दूरचा निवडावा, आणि त्याला आपली गरज वाटेल अशी तजवीज ठेवावी. दिल्लीच्या बादशहाकडे घोडदळ अफाट होते, पण समुद्रावर लढायला स्वतःचे बळ नव्हते. सिद्दीकडे नेमके तेच होते. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यासमोर कासा बेटावर पद्मदुर्ग उभारून त्याला कोंडायचा प्रयत्न केला. संभाजी महाराजांनी तर 1682 मध्ये खाडीत भराव टाकून बेटापर्यंत वाट काढायला घेतली. तेवढ्यात मोगल सरदार हसनअली खान कल्याणकडे उतरला आणि महाराजांना मोहीम अर्धवट टाकून तिकडे जावे लागले. जंजिरा वाचला, पण त्याला वाचवणारी फौज कल्याणला होती.

सिद्द्यांची गादीची रीतही त्यांना बराच काळ तारून गेली. गादी बापाकडून मुलाकडे जाईलच असे नव्हते. आरमाराचा कर्तबगार सरदार पुढे येई. ज्या राज्याला एका नालायक वारसाचाही खर्च परवडत नाही, तिथे ही रीत शहाणपणाची होती.

ही रीत मोडली तेव्हाच तडा गेला. जंजिऱ्याचा प्रमुख सिद्दी रसूल मरताच घरात भाऊबंदकी माजली आणि 1733 मध्ये बाजीराव पेशव्यांनी ती साधून स्वारी केली. सिद्दीच्या ताब्यातला रायगड मराठ्यांनी परत घेतला, पण जंजिरा हाती येईना. मोगल तोवर दुबळे झाले होते. मग सिद्दीने मुंबईच्या इंग्रजांना हाक घातली. आंग्र्यांचे बळ वाढलेले इंग्रजांनाही नको होते, त्यामुळे मदत आली. तिकडे आंग्र्यांच्या घरातही तंटा पेटला. एप्रिल 1736 मध्ये चिमाजी अप्पांनी रेवसजवळ सिद्दी सात याला लढाईत ठार केले. परशुरामाचे देऊळ 1727 मध्ये लुटणारा तो हाच, त्यामुळे कोकणात या विजयाचे समाधान मोठे होते. तहात सिद्दीने 11 महालांपैकी साडेपाचांवर पाणी सोडले. बेट मात्र सोडले नाही. अंजनवेल 1745 मध्ये तुळाजी आंग्र्यांनी घेतले आणि त्याचा गोपाळगड झाला. हेदवीच्या उत्तरेची सिद्दीची हद्द तिथे संपली.

मुलूख देऊन मूळ जागा राखण्याचा हा सौदा सयामनेही केला. ब्रिटिश ब्रह्मदेश आणि फ्रेंच हिंदी-चीन यांच्या कात्रीत सापडलेल्या या देशाने 1893, 1907 आणि 1909 मध्ये प्रांतामागून प्रांत सोडले, पण गुलामी टाळली.

पेशव्यांनी पुढे तलवारीऐवजी कागदाने जंजिरा मिळवू पाहिला. गादीवर हक्क सांगणारा बाळूमियाँ सिद्दी त्यांच्या आश्रयाला आला होता. 1791 मध्ये त्याने आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि त्या बदल्यात सुरतेजवळ सचिन संस्थान मिळवले. पेशव्यांनी गावे दिली, हक्काचा कागद घेतला. पण बेट ताब्यात असलेल्या सिद्दीने किल्ला सोडला नाही. परिणामी सिद्द्यांची एकाऐवजी दोन संस्थाने झाली, तीही पेशव्यांच्या खर्चाने! 1818 मध्ये पेशवाई बुडाली. सिद्दी तेव्हाही जंजिऱ्यात होता.